चादरीची चौथी घडी

आज धाकटीचा निकाल लागला. घरात दुसरा विषयच नाही, म्हणून वहीतही तिलाच बसवते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुते, वाळवते, घड्या घालते. तिची शाळा लहानपणी सुटली ती सुटलीच. आता तिथल्या मुकादमबाई निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी बसायला शालान्त परीक्षा पास हवी. बाकीचे विषय निघाले, इतिहासात मात्र मागच्या खेपेला ती आपटली. यंदाही आपटली असती तर जागा दुसरीला गेली असती.

तिचा अभ्यास सुरू झाला आणि घराचं वारंच फिरलं. मी तापाने फणफणले तरी ज्या सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या, त्या स्वतः उठून तिला दूध गरम करून देऊ लागल्या. मी काय वाचते याची आमच्या ह्यांनी कधी चौकशी केली नाही, पण तिला रोज विचारायचे, "काय म्हणतोय जर्मनी?" भांडी माझ्या वाट्याला आणि स्वयंपाकही माझ्याच. पहाटे जपाला बसले की तिच्यासाठी यश मागायला जायचे आणि मागवायचंच नाही. देवाशी खोटं कसं बोलणार? 'तिचं जे व्हायचं ते होवो' एवढं म्हणून मी माळ ठेवायचे.

तिची पाठांतराची रीतही जगावेगळी. पुस्तक उघडलं की पेंगायची, चादर हातात आली की उत्तर आठवायचं. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. घरी दुसरं टोक अर्थातच माझ्या हातात.

"धरा, जाऊबाई. प्रश्न असा, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी कितपत सावरला?"

पहिली घडी. "नोटांना रद्दीचा भाव आला होता, म्हणून नवं चलन आणलं."

दुसरी. "अमेरिकेनं कर्ज दिलं, कारखान्यांची चाकं फिरू लागली."

तिसरी. "शेजाऱ्यांशी करार केले, राष्ट्रसंघात जागा मिळाली."

आणि चौथी घालता घालता चादर फटकन गठ्ठ्यावर. "झालं! सावरला."

धुलाईघरात चौथ्या घडीला चादर ढिगावर फेकायची सवय, त्यामुळे उत्तरही तिथेच संपायचं. शिकवणीच्या बाई सांगून थकल्या, "अहो, 'कितपत' विचारलंय. काय सावरलं नाही तेही लिहा." ही मान डोलावायची आणि घरी येऊन पुन्हा, "झालं!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अशाच समोरासमोर उभ्या होतो. आतून सासूबाई म्हणाल्या, "मोठे, उद्या तिचा डबा नीट भर हो. डोकं तिला चालवायचंय." तेवढ्यात इकडे फटकन, "झालं! सावरला."

माझी तार सटकली.

"डोंबल सावरला! दुसऱ्याच्या जिवावर उभं राहायचं आणि मिरवायचं मात्र आपण. अमेरिकेनं हात काढून घेतला की मग? तुझंही तेच. भांडी घासणारी उद्या आडवी झाली ना, की दिसेल कोण किती सावरलंय ते!"

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. जर्मनी," धाकटी म्हणाली.

तिने चादर गठ्ठ्यावरून उचलून उलगडली. "पुन्हा धरा." तीन घड्या झाल्या. चौथीला ती थांबली, चादर छातीशी धरून सावकाश म्हणाली, "पण हे सावरणं उसनं होतं. एकोणतीस साली अमेरिकेचाच बाजार कोसळला, तिने कर्ज परत मागितलं, कारखाने बंद पडले आणि लाखो माणसं बेकार झाली." मग माझ्याकडे न बघता आत गेली आणि भांडी घासायला लागली. मी तिला अडवलं नाही. भांड्यांना हातही लावला नाही.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. आज निकाल बघितला तर आधी निघालेल्या विषयांपेक्षाही इतिहासातच तिला जास्त गुण.

"आई, ती चौथी घडी जाऊबाईंची हं," तिने सासूबाईंना सांगितलं.

सासूबाई हसल्या. "हिला कुठला गं जर्मनी! देवाच्या खोलीपलीकडे कधी गेली नाही ही. तू आपली मोठ्या मनाची, म्हणून म्हणतेस."

म्हणजे गुणही तिलाच आणि मोठं मनही तिलाच.

ओट्याशी ती हळूच म्हणाली, "तुम्ही ते मला लागावं म्हणूनच बोललात, ठाऊक आहे मला."

"मग?"

"लागलं की. म्हणून तर लक्षात राहिलं."

मी देवापुढे जाऊन बसले. 'देवा, तिला मुकादम कर, मी आड येत नाही. पण सासूबाईंना एकदा कळू दे, ते वाक्य माझं होतं.'

डोळे उघडले तर दारात धाकटी, हातात चादर.

"आता कशाला? झाली की परीक्षा!"

"तुमच्याच पलंगावरची आहे. आज मी धुतली. धरता ना?"

मी टोक धरलं. तीन घड्या आम्ही घातल्या. चौथीला तिने दोन्ही टोकं माझ्या हातात दिली आणि बाजूला झाली. मी घडी घातली, चादर फटकन गठ्ठ्यावर टाकली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं!"