पुली की पुळी

माझा उजवा अंगठा रोज सकाळी वाकलेलाच उठायचा. डाव्या हाताने ओढून सरळ करावा लागे, आणि बुडाशी 'कट्' असा आवाज येई. दुखायचं म्हणजे अगदी जीव जायचा. तंजावरात गेली तीस वर्षं मी घरीच ब्लाउज शिवते, आणि कात्री चालते ती अंगठ्यावर. एकदा जवळच्या पापनाशमच्या एका नवरीचं रेशमी कापड कापताना अंगठा कात्रीच्या कडीतच अडकला, झटका बसला आणि ब्लाउजचा गळा दोन बोटं खाली गेला. त्या दिवशी मी खरी घाबरले. हात गेला तर मी करू काय? मला दुसरं येतं तरी काय?

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दोन महिने बरे गेले, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा ते तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, आता पुली कट करायला हवी. विचार करून या."

आता तमिळमध्ये पुळी म्हणजे चिंच. आजकालच्या पोरांना 'ळ' कुठे धड म्हणता येतो? म्हणून तो 'ळ' मीच मनात घातला, कट म्हणजे बंद असं धरलं आणि खुशीत घरी आले. ऑपरेशन नाही, नुसतं पथ्य! चिंचेची बरणी शेजारणीला देऊन टाकली.

बिचाऱ्या नवऱ्याचे हाल झाले. "हे सांबार? हे तर डाळीचं पाणी," म्हणाले. "माझ्या अंगठ्याहून तुमची जीभ मोठी का?" असं विचारल्यावर खाली मान घालून जेवू लागले. तीन आठवडे असे काढले. अंगठा मात्र जास्तच अडकू लागला.

आम्ही दोघं पुन्हा दवाखान्यात गेलो. "मग काय ठरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठरायचं काय त्यात? कधीच बंद केली. घरात चिंचेचं बोटूकही नाही."

"चिंच?" डॉक्टरांनी विचारलं. नवरोबा हात जोडून म्हणाले, "सार, दुसरं काहीही बंद करा, पण सांबारात चिंच घालू द्या." तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला रागच आला. पण ते इंग्रजीतली पुली, म्हणजे कप्पी म्हणत होते, आणि ती सुरीने कापायची होती, हे कळल्यावर मी ओरडलेच.

"शीर कापणार? मग अंगठा लुळाच पडला की!"

"शीर नाही हो." त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मनगटाकडून एक दोरी अंगठ्याच्या टोकापर्यंत जाते. ती हाडाला धरून राहावी म्हणून वरून आडवे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. माझा बुडाचा पट्टा आवळला होता, आणि दोरीला सूज येऊन गाठ झाली होती. गाठ पट्ट्याशी अडायची, मग 'कट्' करून सुटायची.

"मग असं सांगा की!" मी म्हटलं. "परकराच्या नाडीची गाठ नेफ्यात अडकली. नाडी तोडायची नाही, नेफा उसवायचा."

"अगदी तेच."

"आणि नेफा उसवल्यावर नाडी बाहेर लोंबली तर?"

"पुढचे पट्टे आहेत ना, ते धरून ठेवतात." मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी फक्त अंगठ्यापुरतं बधिर केलं. मी टक्क जागी होते. स्पर्शाची नस अगदी लागून जाते म्हणून सावकाश करतोय, असं डॉक्टर मध्येच म्हणाले. ते ऐकून मी देवाला आणखी दोन नवस बोलून टाकले.

"अम्मा, आता वाकवा."

माझा धीरच होईना. आजवर तो वाकला की अडायचाच.

"वाकवा, घाबरू नका."

वाकवला. सरळ केला. आवाज नाही, अडणं नाही, लोण्यातून गेल्यासारखा गेला. पुन्हा वाकवला. उताणी पडले होते, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी थेट कानांत जात होतं, आणि मी हसतही होते.

"पुरे, अम्मा. आता टाके घालू द्या."

"थांबा हो," मी म्हटलं, "अजून एकदा."