जाताना सांगून जा

चाचांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "जाताना सांगून जा." मी सांगितलं नाही. माझी चूक एवढीच, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. तेही खरं नाही. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती आणि ती मी रोज करत होतो.

गावाच्या फाट्यावर गॅरेज चालवणारे चाचा आता नाहीत. डोळ्यांपुढे येतो तो त्यांचा डावा पाय. बोलता बोलता त्या पायाने ते जीपच्या चाकाखालचा दगड चाचपत. जीप जुनी, बॅटरीचा भरवसा नाही, म्हणून ती कायम फाट्यावरच्या उतारावर, चाकाला दगड लावून उभी. निघायचं झालं की दगडाला टाच मारायची, जीप घरंगळू लागली की उडी मारून आत बसायचं आणि गिअर टाकून ती सुरू करायची. साठीच्या पुढचा तो माणूस हे सगळं इतक्या सहज करी, की मला माझ्या बुटांची आणि मनगटावरच्या घड्याळाची लाज वाटे.

माझं सासर घाटंजीजवळच्या एका गावात. मी पुण्यात नोकरी करतो. चाळिशीत डॉक्टरांनी धावायला सांगितलं आणि मग मला त्याचं वेडच लागलं. एक दिवस चुकला की चिडचिड होई. दिवाळीत सासरी गेलो तरी पहाटे साडेपाचला बूट बांधून बाहेर. सासूबाईंना ते अजिबात पटत नसे. "जवाई उपाशीपोटी पयते, लोकं काय म्हनतीन? खायाले देत नाई म्हनतीन." मेहुणा म्हणे, "पयू दे वं आई, भाऊजीच्या मांगं पुन्याचा कुत्रा लागला असन."

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून गावाने कापूस घराघरांत भरून ठेवला होता. सासऱ्यांची पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी होती आणि जावई त्या ढिगाशेजारी अंग खाजवत झोपत होता. बाहेर पळण्याचं ते एक कारण होतंच. पण खरं सांगायचं तर त्या घरात सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलत आणि मी खोलीत आलो की गप्प होत. पाहुण्याला काही कळू नये म्हणून. चार दिवस असं पाहुणं राहिलं की माणसाला फार एकटं वाटतं. रस्त्यावर मात्र मी माझा असे.

पहिल्या पहाटे गावातून फाट्याकडे धावत निघालो. फाट्यावर एका टपरीवजा गॅरेजमध्ये दिवा लागला, दगडावर टाच बसल्याचा आवाज आला आणि जीप घरंगळत माझ्यापुढे येऊन थांबली. आत बनियनवर शाल घेतलेले चाचा.

"बसा. कोनाच्या घरचं हाय?"

"काय कोणाच्या घरचं?"

"कोन पडलं? काय झालं?"

"काही नाही. मी धावतोय."

"कोनाच्या मांगं?"

"कोणाच्या मागे नाही. व्यायाम म्हणून."

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग खाली उतरून आधी चाकाखाली दगड लावला आणि म्हणाले, "अल्ला खैर करे. तुमी पाटलाचे जवाई ना? तुमच्या पुन्याले पयाले जागा नाई का?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. पुढे कळलं की त्या गावात पहाटे माणूस एकाच कारणाने पळत येई. कोणाच्या पोटात फवारणीचं औषध गेलेलं असे, कोणाला साप चावलेला असे, कोणाची बायको अडलेली असे. फाट्यावर एकच गाडी होती. पळत येणाऱ्याने हात वर केला की चाचा काही न विचारता थांबत आणि वाटेत विचारत. घाटंजीपर्यंत, गरज पडली तर यवतमाळपर्यंत. "आदमी हात दाखवून राह्यला म्हन्जे थांबाचं," ते म्हणत. "इचारपूस मांगून."

मी त्यांना म्हटलं, "मी उद्यापासून दुसऱ्या रस्त्याने जाईन."

"नाई, नाई. पया ना. चांगली गोष्ट हाय." पायाने दगड चाचपत ते म्हणाले, "फक्त एक करा जवाईबापू. जाताना सांगून जा. हाय तोपर्यंत मले माहीत राह्यलं पायजे, का हे तुमीच हाय. गेले का मंग माहीत पायजे, का आता जो येईन तो तुमी नाई."

इतकी साधी गोष्ट. मी हो म्हटलं आणि तीन दिवाळ्या ती पाळलीही.

त्या तीन दिवाळ्यांत मला त्यांची सवय झाली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी फुलसावंगीला दिलेली, दुसरी नागपुरात. ईदला नातवंडं येत, एरवी चाचा आणि जीप. जीपशी ते बोलत. "चाल बाई, आज जवाई पाहून राह्यला, इज्जत ठेव." संध्याकाळी मी फाट्यावर गेलो की ते नमाज आटोपून चूल पेटवत असत. काळा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवत आणि मी किती धावलो ते विचारत. सहा किलोमीटर म्हटलं की म्हणत, "आन् गेले कुठं?" "कुठेच नाही, परत आलो." यावर ते दर वेळी मान हलवत, जणू हा माणूस हुशार आहे, पण कुठेतरी बिघडलेला आहे.

आता दुसरी चूक सांगतो. सहाच्या सुमाराला चाचा पहिली फेरी घेऊन घाटंजीला निघत. मी तेव्हा फाट्याजवळ आलेलो असे. जीप उताराला लागली की मी मागून जोरात पळत हात वर करी, थांबा, थांबा, अशी नक्कल करत. माझ्या बुटांना चमकणाऱ्या पट्ट्या होत्या. जीपच्या मागच्या लाल दिव्यात त्या लकाकत. आरशात त्या दिसल्या की चाचा दोनदा हॉर्न वाजवत आणि वेग वाढवत. मी हरे. रोजचा खेळ.

पहिल्यांदा मी असं केलं तेव्हा ते थांबले होते, हे मात्र सांगितलं पाहिजे. घाबरून थांबले होते. मी हसत हसत बाजूला आलो आणि म्हणालो, "गंमत केली, चाचा." ते म्हणाले, "हाताची गंमत नका करू, बापू." पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा केली. जावयाला किती वेळा नाही म्हणणार? चौथ्या दिवशी त्यांनी हॉर्न वाजवला. ज्या हाताला ते आयुष्यभर थांबत आले, त्या हाताला न थांबायला मी त्यांना शिकवलं.

चौथ्या दिवाळीला भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. त्या सकाळी माझं शेवटचं धावणं झालं. बूट जुने झाले होते, पुण्यात नवे घ्यायचेच होते. गजानन म्हणून सासऱ्यांचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा. तो अनवाणी उभा दिसला. मी बूट काढून त्याला दिले. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. त्याने ते तिथेच पायात घातले आणि अंगणात दोन उड्या मारल्या.

दुपारी एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून निघालो. फाटा आला. चाचा एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होते, फक्त पाय बाहेर होते. मी गाडी थांबवायला सांगणार होतो. गाडीवाला घाईत होता, मुलं झोपली होती. मनात म्हटलं, आता कशाला त्यांना बाहेर काढायचं, पुढच्या दिवाळीला यायचंच आहे. ते दोन पाय मागे गेले.

दुसऱ्या पहाटे गजाननची बायको, दुर्गा, उठली. त्यांच्याही घरात कापूस भरलेला होता, त्यांच्या तीन एकरांचा. ढिगाआड ठेवलेली काड्यापेटी घ्यायला तिने हात घातला आणि परड, म्हणजे घोणस, चावली. कापसात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. गजानन पायात बूट सारून फाट्याकडे पळाला. जीप नुकतीच उताराला लागली होती. तो हात वर करून ओरडत मागे धावला. जीपचा सायलेन्सर फुटलेला, ओरडणं ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. आरशात चमकणाऱ्या पट्ट्या दिसल्या आणि वर केलेला हात दिसला.

चाचांनी दोनदा हॉर्न वाजवला आणि वेग वाढवला.

दुर्गाला बैलगाडीतून न्यावं लागलं. ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली आणि उरलेली वळेनाशी झाली. थोडं आधी आणलं असतं तर हात राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. बोंडातून कापूस वेचायला बोटंच लागतात. ती अजून डाव्या हाताने वेचते, बाकीच्या बायांच्या मागे एकटी राहून.

मला हे मेहुण्याने फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुमचे बूट एवढे चमकते, भाऊजी, तरी चाच्याले दिसले नाई म्हन्ते."

मी म्हणालो, "अरेरे."

एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं काय झालं, तेव्हाही मी फक्त साप आणि हात सांगितला.

पुढच्या दिवाळीत गेलो तेव्हा फाट्यावर दुसरी एक जीप उभी होती. गाव तिच्यात बसत होतं. "हात दाखवला तरी थांबला नाई," लोक सांगत. कोणी त्यापुढे जाऊन म्हणे, "त्याइच्यातला कोनी असता तं थांबला असता." ज्या माणसाने अर्ध्या गावाला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवलं, त्याच्याबद्दल. मी तिथेच पारावर बसलो होतो. उठून घरी गेलो.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला, बशी सरकवली.

"पयनं बंद केलं का?"

"गुडघा दुखतो."

त्यांनी फळीवरून तेलाची बाटली काढली. "हे लावा. गरम करून लावा, तसंच नाई." मग दगड चाचपत हळूच म्हणाले, "मी कोनाले बोललो नाई. गावाच्या जवायाचं नाव कायले घ्याचं? पाहुना मानूस."

म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि मला कळलं होतं हेही त्यांना कळलं होतं. मी चहा प्यालो, तेलाची बाटली घेतली आणि घरी आलो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. पुढच्या पाच दिवाळ्या मी सासरी लंगडल्यासारखं चाललो आणि दर वर्षी चाचा मला तेल देत राहिले.

त्या पाच वर्षांत त्यांची जीप गेली. गावात फोन आले, फोन केला की सरकारी गाडी येऊ लागली. इंजिनांपाशी जन्म गेल्यामुळे त्यांना ऐकू येईनासं झालं. गॅरेज बंद. ते उतारावर बाज टाकून बसत. दगड मात्र तिथेच होता.

मी कबुली द्यायचं ठरवलं तेव्हाही हिशेब असा होता की पहाटे जावं, कोणी नसताना, त्यांना एकट्याला हळूच सांगावं आणि मोकळं व्हावं. साडेपाचला उठलो. सहा वर्षांनी बूट बांधले. का कोण जाणे, पण चालत जावंसं वाटेना. धावतच निघालो.

अंधुक उजेडात त्यांना कोणीतरी पळत येताना दिसलं. ते बाजेवरून ताडकन उठले आणि त्यांच्या डाव्या पायाची टाच दगडावर बसली. दगड घरंगळला. वर जीप नव्हती.

"कोन हाय? कोनाच्या घरचं हाय?"

"मी आहे, चाचा."

"आं?"

"मी! जवाई!"

"काय झालं? कोन पडलं?"

मी जवळ जाऊन कानाशी बोललो. त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने बोललो, तरी नाही. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले होते, कारण माझा चेहराच तसा असणार. ते मोठ्याने विचारत राहिले, "कोनाच्या घरचं? बोला ना, कोनाच्या घरचं?" त्यांचा आवाज ऐकून चहावाला बाहेर आला. वेचणीला निघालेल्या बाया थांबल्या. त्यांच्यामागे दुर्गा होती, डोक्यावर फडकं, उजवा हात पदराखाली. तिच्याबरोबर गजानन.

हळूच सांगण्याची सोय उरली नव्हती. मी छातीत जेवढी हवा होती तेवढी एकवटून ओरडलो.

"माझ्याच घरचं, चाचा! तुम्ही थांबला नाहीत ते माझ्यामुळे! रोज खोटा हात मी दाखवायचो! ते बूट माझे होते, मी गजाननला दिले, आणि तुम्हाला न सांगता निघून गेलो! गाव तुम्हाला बोलत राहिलं आणि मी ऐकत बसलो! दुर्गाताई, गजानन, तुमचाही मी अपराधी आहे! चाचा, चूक तुमची नव्हती, माझी होती! मला माफ करा!"