गळ्यातला रिकामा दोरा

मेळघाटातल्या नव्या घरासाठी मदर माझंच नाव घेतील याची मला इतकी खात्री होती की मी माळ्यावरची गोधडी काढून उन्हातही घातली होती. बिशपांच्या परवानगीने मदर जुना मठ सोडून नेऱ्याला आल्या आणि भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी आमचा संघ सुरू केला, तेव्हा त्यांच्यासोबत मी एकटीच होते. आता आम्ही सातजणी आहोत. त्या संध्याकाळी प्रार्थना संपली आणि मदर म्हणाल्या, "जसिंता जाईल." जसिंता वसईची, व्रत घेऊन जेमतेम वर्ष झालेलं, भाकरी अजून धड थापता येत नाही. मी हसून तिचं अभिनंदन केलं. आतून अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यानंतर मला जसिंताशिवाय काही दिसेना. मदर तिला लाडाने 'बाय' म्हणून हाक मारायच्या. मला इतक्या वर्षांत त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. तिच्या ताटात माशाची चांगली तुकडी पडली तरी माझं लक्ष. त्यात दूध घालायला येणाऱ्या शेजारणीने विचारलं, "सिस्टर, तुमी नाय जात? तुमीच तर जुन्या हाव ना?" मी प्रभूपुढे बसायचे आणि त्यालाच जाब विचारायचे. प्रार्थना कसली, भांडणच ते.

आणि वर आमची रीत. संघाच्या कामासाठी दूर जाणारी बहीण स्वतःचा क्रूस वेदीवर ठेवते आणि घरी राहणाऱ्या एकीचा क्रूस गळ्यात घालून निघते. देणारीला दुसरा मिळत नाही, तिने नुसता दोरा घालायचा. मला डोंगरावरच्या ठाकरवाडीत राहायला पाठवलं तेव्हा मदरनी त्यांचा क्रूस मला दिला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या गळ्यात काळा दोराच आहे. आता मदर मला म्हणाल्या, "जसिंताला तुझा दे." म्हणजे जागाही तिला आणि मदरचा क्रूसही तिलाच. तो मी देणार नव्हते. कामोठ्याच्या एका सुताराला नमुना दाखवून मी हुबेहूब दुसरा करायला सांगितला, जुनकट दिसेल असं पॉलिश मारून. देवाच्या वेदीसमोर खोटा क्रूस द्यायचा, हे मी अगदी शांत डोक्याने ठरवलं होतं.

पाठवणीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या उपास करतो. तशाच उपाशी पोटी मी भर दुपारी कामोठ्याहून क्रूस घेतला, आणि परतताना खांदा कॉलनीत रिक्षा बंद पडली. थोडी चालले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली. एका इमारतीच्या पायरीवर बसले तेव्हा तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला हाताला धरून घरात नेलं आणि लिंबाचं सरबत दिलं. उपास मोडला. बाई बेने इस्रायली, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू होत्या, मुलं सगळी तिकडे इस्रायलला, त्या एकट्या इथे. दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरपी डबी होती. मी सहज तिच्याबद्दल विचारलं.

"आत देवाचं वचन असतं," त्या म्हणाल्या. "ही नवी आहे. जुनी आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली होती. मुलगा निघाला तेव्हा म्हणाला, आई, ती मला दे."

"दिलीत?"

"दिली. खोटं कशाला बोलू, फार लागलं मला. किती दिवस फोनवर त्याच्याशी धड बोलले नाही. पण परक्या जागी जाणाऱ्याला जुनंच द्यावं हो. आपल्याला काय, आपलं घर आहेच."

मी त्यांना माझं काहीच सांगितलं नव्हतं. पिशवीतला क्रूस पिशवीतच होता. रिक्षावाल्याने हाक मारली, गाडी सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या मिस्सेत, वेदीसमोर, मी गळ्यातला मदरचाच क्रूस काढला आणि जसिंताला घातला. "सिस्टर, मला भीती वाटतेय," ती माझ्या कानात म्हणाली. तिला भीती वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

ती गेल्यावर स्वयंपाकघरात मी मदरपुढे दुसरा क्रूस ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसतील. मदरनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "तुला माझा दिला ना, तेव्हा आठवडाभर तुझं तोंड बघवेना मला. संघ मी काढला, आणि वाडीवर जाणार तू. मी मागे हिशेब आणि परवानग्या सांभाळत बसणार." गळ्यातल्या दोऱ्यावरून त्यांचं बोट फिरत होतं. "सुताराने काम बरं केलंय. दाराला लाव."

तो आता आमच्या चौकटीवर आहे. जसिंताचा फोन आला की ती आधी मदरशीच बोलते, आणि मला अजूनही थोडं टोचतं. प्रभूने माझा हेवा काढून घेतला नाही. त्याने एवढंच केलं, भर उन्हात एका परक्या दारात मला बसवलं आणि जे मुठीत घट्ट धरलं होतं ते सोडायला लावलं. त्याचे उपकार मी रोज मानते. रात्री बाकीच्या झोपल्या की दार लावायला मी आणि मदर दोघीच उरतो, दोघींच्या गळ्यात नुसता दोरा. परवा कडी घालताना त्या म्हणाल्या, "बाय, दिवा राहू दे. कोणी आलं तर दार दिसायला हवं."