खारीचं गाणं

“बाई, हळद लागतेय का कुणाला इथं?”

मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातून विचारलं. शेजारी तपासणीला आलेले साहेब. दोघं हसले. मग माझी चौथीची पोरंही हसली.

फळ्यावर मी माझ्या आईच्या गाण्यातल्या दोन ओळी लिहिल्या होत्या.

‘खारीच्या बांधावं गो उभी माजी आय,
मीठ वढता वढता दीस मावळून जाय.’

खाली जोड्या. खार–खाऱ्या पाण्याची जमीन. आय–आई. दीस–दिवस. पोरं बाकावर ताल धरून शब्द सांगत होती.

“ही असली गावंढळ भाषा शिकवायला पगार मिळतो तुम्हाला?” साहेबांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला. पोरांसमोर. मी बाजूला सरले.

मी पेणजवळच्या खाडीकाठची. आईबाप मिठागरात राबले. आई लग्नघरी गायची. तिच्या गाण्यावाचून नवरीला हळद लागत नसे. मी शिकले, रोह्याच्या शाळेत बाई झाले. रोज एसटीत बसले की आईची बोली गिळायची, उतरले की पुस्तकातली बोलायची. कामानं नाही दमले कधी. या जीभ बदलण्यानं दमले.

गाणं वर्गात आणलं ते मंदासाठी. बाप कंपनीत लागला म्हणून ती खाडीवरनं रोह्यात आलेली. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘हाय’ निघालं, पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून मुकी. गाणं ऐकलं आणि पोरगी बोलली, “बाई, ह्ये गानं माजी आजी म्हनते.”

फळा पुसला गेला, त्या दिवशी तिचं तोंड पुन्हा मिटलं.

संमेलन जवळ आलं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. “मुंबईचे पाहुणे येतायत. तुमच्यातलं एखादं गाणं बसवा. पोरींना लुगडी नेसवा, डोक्यावर टोपल्या द्या. मजा आली पाहिजे.”

“वर्गात ते गावंढळ होतं, सर.”

“वर्ग वेगळा, स्टेज वेगळं.”

रागवायचंही त्राण नव्हतं. पण डोक्यात लख्ख झालं. आमची बोली यांना नाचवायला हवी. शिकायला नको.

“मी पोरी नाचवणार नाय,” मी म्हटलं. “शिकवायचं तर वर्गात शिकवीन.”

“नोटीस निघेल.”

“काढा.”

नोटीस निघाली. मी सही करून घेतली आणि वर्गावर गेले. त्याच दोन ओळी पुन्हा लिहिल्या. मंदा खाली मान घालून बसली होती. ती अजून बोलत नाही. बोलेल की नाही, ठाऊक नाही. बाकीच्यांनी ताल धरला.

मुख्याध्यापक आले. आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, निदान दार तरी लावून घ्या. बाहेर ऐकू जातं.”

“नाय,” मी म्हटलं. “दार उघडंच राहील.”