एका हाकेला दिलेली ओ

मी बारामतीत बी.एस्सी.ला शिकतो आणि पिंपळीच्या पुढे, उसाच्या शेतांमध्ये असलेल्या एका दूध शीतकरण केंद्रावर रात्रपाळी करतो. काम अवघड नाही. संध्याकाळी गावागावांतून आलेलं दूध दोन मोठ्या टाक्यांत थंड होत असतं. दर तासाला तापमान बघून वहीत लिहायचं, लाईट गेली की जनरेटर चालू करायचा, पहाटे टँकर आला की पाईप जोडून द्यायचा. रात्रभर मी एकटाच असतो. या पगारावर माझी खोली आणि मेस चालते. घरी, पळसदेवला, वडील उजनीच्या पाण्यात मासे धरतात. ही पाळी सुटली तर कॉलेज सुटेल, हे घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

पहिल्या दिवशी दिवसपाळीचे तात्या मला सगळं दाखवायला थांबले होते. ते तिथले सगळ्यांत जुने. मशीन दाखवून झाल्यावर म्हणाले, "आन् रातीला कुणी हाक मारली तर लगीच ओ द्यायची न्हाय."

"का?"

"माणूस असंल तर तीनदा मारंल. ते एकदाच मारतं."

मला हसू आलं असावं.

"हसतुयास व्हय? कालिजात काय शिकायचं ते शिक. हितं तीन मोजायच्या."

टँकरचे ड्रायव्हरसुद्धा हे पाळतात, असं मला पुढे दिसलं. फाटकाशी हॉर्न देतात तोही तीनदा. ओ दिली तर काय होतं, असं मी विचारलं. तात्या म्हणाले, "तुझ्या आदीच्यानं दिली हुती. ताप भरला. बा येऊन घरी घिऊन गेला त्याला."

हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. मला भुताची भीती वाटली की घरी जाण्याची, ते नक्की सांगता येणार नाही.

तीनेक आठवड्यांनी ते घडलं. दूध पुरेसं थंड झालं की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो आणि एकदम इतकी शांतता होते की कान दुखतात. तशा शांततेत, कॅन धुतात त्या बाजूच्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, "जेवलास का?"

आवाज मोठा नव्हता, लांबचाही नव्हता. बाईचा की बाप्याचा, मला ठरवता आलं नाही. वयस्कर होता एवढंच. मी बॅटरी घेऊन बाहेर गेलो. कोरडा सिमेंटचा ओटा, पालथे घातलेले कॅन, पलीकडे ऊस. परत येऊन खुर्चीवर बसलो आणि मोजत राहिलो. दुसरी हाक आली नाही. त्या तासाचा वहीतला आकडा अजून वाकडा दिसतो.

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, म्हणून कारणं शोधली. पालथ्या कॅनमध्ये वारा घुमत असेल. कोणी उसाला पाणी द्यायला आलं असेल. पण त्या आठवड्यात त्या बाजूला शेतीची लाईट दिवसा होती, रात्री पाण्यावर कोणी येणार नव्हतं. मग मी शोधणं सोडलं.

पुढच्या दोन महिन्यांत ती हाक चार-पाच वेळा आली. दरवेळी तोच प्रश्न. मी गप्प बसायचो. कुणाला सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर दिवसभरात मला हा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. वर्गात मी झोपणारा मुलगा म्हणून माहीत आहे. मेसमध्ये कार्ड पुढे केलं की ताट येतं. आईचा फोन येतो तेव्हा मी झोपलेला असतो आणि मी करतो तेव्हा ती. असं लिहिताना मला थोडी लाज वाटते, पण काही रात्री मी त्या हाकेची वाट बघायला लागलो होतो.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. एका रविवारी प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करायचं होतं, त्या नादात बिस्किटं घ्यायची राहिली. पाळीवर येईपर्यंत फाट्यावरचं दुकानही बंद झालेलं. पाणी पिऊन आकृत्या काढत बसलो. कॉम्प्रेसर थांबला.

"जेवलास का?"

"न्हाय," मी म्हणालो.

घरच्या माणसाला सांगावं तसं, जर्नलमधून मान वर न करता. मग काय केलं ते लक्षात आलं आणि मी उठून उभा राहिलो. काहीच झालं नाही. काही वेळाने कॉम्प्रेसर चालू झाला आणि मी तापमान बघायला गेलो.

सकाळी तात्यांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एका हाकेला?"

"व्हय."

"लेका, सांगितलं हुतं की तुला." त्यांनी कप पुन्हा उचलला. "सायबाच्या कानावर घालू नगंस. ताप आला तर आदी मला सांग."

पुढचे आठ दिवस मी दुधाचा जुना थर्मामीटर काखेत धरून बसायचो. एकदा तात्यांनी पाहिलं. "धुतूस का न्हाय त्यो? न्हायतर दुधालाच ताप चढायचा." मला ताप आला नाही. पाळी टिकली. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म मी तिथल्याच टेबलावर बसून भरला.

हाक मात्र पुन्हा आली नाही. आधी हायसं वाटलं. नंतर कॉम्प्रेसर थांबला की मी पेन खाली ठेवून ऐकायला लागलो. अजून तसंच करतो. रात्र आता पूर्वीपेक्षा मोठी वाटते.

ते काय होतं, मला माहीत नाही. पण एक गोष्ट लागून राहिली आहे. आमच्याकडे कोणी जेवलास का म्हणून विचारलं, की आपणही उलट विचारायचं असतं. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही विचारतात. त्या आवाजाने मला इतक्यांदा विचारलं, आणि मी बोललो तो फक्त स्वतःपुरता. तुमी जेवलात का, एवढं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.