ओकच्या झाडावरचा नारिंगी ठिपका

नेदरलँड्समध्ये झूटरमेरला आमच्या घरामागे एक रान आहे. एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाची बदकं उडतात, एवढंच. पुण्याला फोनवर सांगताना मात्र मी त्यात दोन-तीन लांडगे सोडतो.

वटपौर्णिमेला बायको म्हणाली, "वड नाही तर नाही, त्या रानातला दणकट ओक चालेल." तिने निवडलेल्या ओकला मिठी मारायला आमची पुण्याची अख्खी सोसायटी लागली असती. सात फेरे झाले, दोऱ्याचं रीळ संपलं, आणि मग मला खोडावर नारिंगी ठिपका दिसला. कुत्रा फिरवायला आलेल्या एका डच आजींना मी विचारलं.

"नगरपालिका तोडणार हे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आतून पोकळ झालंय."

बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोरा सोड आधी," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? उलटे फेरे घातले तर सातही जन्म वजा होतील. मी दुसरं रीळ आणते, शेजारच्या झाडाला बांधू. तोवर इथे कोणाला करवत लावू देऊ नकोस!"

ती सायकलवरून गेली. मी खोडाला पाठ लावून उभा राहिलो. नगरपालिकेची फौज आली असती तरी हटलो नसतो. फौज काही आली नाही. आजींच्या कुत्र्याने तेवढा शेजारच्या झाडापाशी पाय उचलला, आणि मी सातही जन्मांच्या वतीने त्याच्यावर धावून गेलो.