खांबाच्या रुपयावरचा श्री

जळगावात कलेक्टर दोन आहेत, असं आमच्या शाळेतले मास्तर लोक म्हणायचे. एक कचेरीतला आणि दुसरा मी. तो शेतसारा गोळा करायचा, मी स्पेन देशाची जुनी चांदीची नाणी. मी वरवर चिडायचो, पण आतून मला ते आवडायचं. पोरांना पाटीवर अक्षर वळवायला शिकवणाऱ्या माणसाला एरवी कोण साहेब म्हणतो?

या नादाला मला लावलं ते धुळ्याच्या एका सोनारानं. धाकटी बहीण धुळ्याला दिली होती, तिच्याकडे जाताना चाळीसगावला गाडी बदलावी लागे. एकदा तिच्या जोडव्यांसाठी त्या दुकानात गेलो, तर हे गृहस्थ मोड वितळवायला बसलेले. मोड म्हणजे मोडीत काढलेले जुने दागिने. त्यात नंदुरबारकडच्या कुणा बाईची नाण्यांची माळ होती, आणि माळेत एक नाणं आपल्या रुपयाहून चांगलं मोठं. त्यावर दोन खांब, मधे जगाचे दोन गोळे, खाली समुद्राच्या लाटा, आणि कडेला बारीक पानांची वेल. "खांबाना रुपया शे," सोनार म्हणाला. कधीकाळी जहाजातून सुरतेला उतरला आणि हातोहात इकडे आला. त्यानं तो मुशीत टाकायला उचलला, आणि मी त्याचा हात धरला.

तिथून पंधरा वर्षं आमची मैत्री. मी त्याला नाना म्हणायचो, तो मला मास्तर. खांबाचा रुपया मोडीत आला, की नाना तो बाजूला ठेवायचा आणि मला कार्ड टाकायचा. कार्डावर वर श्री, खाली एकच ओळ: 'पाहुणा आला आहे.' नानाची ही सवय होती. कार्ड असो, वही असो, कोरायला घेतलेला तांब्या असो, आधी श्री काढल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नसे. मी मनात म्हणायचो, माझ्या वर्गात शोभला असता.

पहिला धरून पंधरा वर्षांत पाहुणे आले पाच. मग एक दिवस नानानं सांगितलं, की नंदुरबारच्या एका माणसाकडे असली नऊ नाणी आहेत. तो रोख घेणार नाही, चांदीच्या बदल्यात देईल. माझ्या अंगात वारं शिरलं. घरात चांदी एकाच ठिकाणी होती, बायकोच्या पायात.

तिचे तोडे तिच्या आईनं दिलेले. धरणगावजवळच्या तिच्या माहेरी दोन वर्षांच्या कापसातून आईनं ते करवले होते. लग्नाला वीस वर्षं झाली होती, तोडे घट्ट झाले होते. मी म्हणालो, "नानाकडून वाढवून आणतो." तिनं साबण लावून, दातावर दात आवळून ते काढले. घोट्यांची कातडी सोलून निघाली. वर मला म्हणाली, नीट सांभाळून न्या.

मी नेले आणि नानाच्या हातात ठेवले. घरी परत येऊन सांगितलं, की चाळीसगावला गाडी बदलताना पिशवी चोरीला गेली.

ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवसापासून तिनं त्या चोराला शिव्या द्यायला सुरुवात केली. रोज पायांना तेल लावताना रिकाम्या घोट्यांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "त्या चोट्टाना हात झडी जावोत!" मी पाटावर बसून त्याच हातानं भाकरी मोडत असायचो. पहिले काही महिने घास अडकला. पुढे अडकेनासा झाला. माणूस निर्लज्ज होतो तो असा, हळूहळू.

तिकडे नऊ पाहुणे वर्षभरात एकेक करून आले. मी ते लाल फडक्यात गुंडाळून पुस्तकांच्या पेटीत तळाशी ठेवायचो आणि ती शेजारी गेली, की काढून बघायचो. मी कड बघायला लागलो, की नाना म्हणायचा, "कड काय देखतस मास्तर, खांब देखा!" मी खांब देखायचो.

पुढे चाळिशी लागली आणि अक्षर दिसेना, म्हणून एक चांगलं भिंग घेतलं. त्याचा पहिला उपयोग काय करणार? एका सुट्टीच्या दुपारी पेटी उघडली. जुन्या पाचांच्या कडेवरची वेल सलग, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळत नाही. नव्यातलं पहिलं नाणं घेतलं. त्याची वेल एका जागी थोडी दाट होती. भिंग जवळ नेलं. पानांच्या खाली, पानांनी झाकायचा प्रयत्न केलेला, तांदळाच्या कणीएवढा श्री.

मला आधी हसू आलं. स्पेनच्या राजानं श्री कधीपासून काढायला घेतला? मग दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. नऊच्या नऊ नाण्यांवर श्री. पोरांच्या हजारो पाट्या तपासलेल्या माणसाला ते वळण ओळखायला किती वेळ लागणार? कार्डावरचंच होतं ते.

दुसऱ्याच दिवशी धुळे गाठलं. नाणी नानासमोर आपटली आणि विचारलं, "नंदुरबारचा माणूस कोण?"

"कोनी नव्हता," नाना म्हणाला. कोरणी खालीसुद्धा ठेवली नाही. "तुमले खांब पाहिजे व्हतात, मी खांब दिधात. चांदी खोटी शे का? नखभर बी भेसळ नही."

"कुणाची चांदी?"

आता त्यानं वर बघितलं. "तुमनीच. तोडास्नी. तुमना घरनी लक्ष्मी मी दुसराना घर कशी जाऊ देऊ? तुमनी चांदी तुमनाच घर धाडी." नाणी पाडून जी चांदी उरली, ती त्याची घडणावळ.

मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. केसानं गळा कापलास म्हणालो. इतकी वर्षं ज्याच्या दुकानात चहा प्यालो, बहिणीच्या आधी ज्याच्याकडे गेलो, त्यानं मला बैलासारखं वेसण धरून फिरवलं होतं. तो ऐकत राहिला. मी पायरी उतरताना एवढंच म्हणाला, "वहिनीले काय सांगेल व्हतं, मास्तर?"

चाळीसगावला गाडीची वाट बघत त्याच फलाटावर बसलो, जिथे माझ्या सांगण्याप्रमाणे चोरी झाली होती. रागानं अंग जळत होतं. पण नानाला दिलेली प्रत्येक शिवी फिरून माझ्याच दारात येऊन बसत होती. मला ज्यानं फसवलं, त्यानं निदान चांदी तरी परत केली होती.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. समोर फडकं उघडून नाणी ठेवली. ती चुलीपुढून उठून आली. एक नाणं उचललं, तळहातावर जोखलं, पदरानं पुसलं.

"म्हंजे मना तोडा घरमाच व्हतात," ती म्हणाली.

मग तिनं ती नऊ नाणी उचलून आपल्या ट्रंकेत ठेवली आणि भाकरी थापायला बसली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे तेलाची वाटी घेऊन पाय चोळत बसली. मी कान देऊन वाट बघत होतो. तिनं तेल लावलं, वाटी झाकून ठेवली आणि उठली. त्या दिवसापासून तिनं चोराला शिव्या दिल्या नाहीत. एकदा दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.